उघडे फ्रॅक्चर : आधी जखम, मग हाड

हाड मोडणे कष्टकरी माणसाला नवे नाही. परांचीवरून पडलेला गवंडी, यंत्रात हात सापडलेला कामगार, पाळी संपवून परतताना दुचाकीवरून फेकला गेलेला तरुण, अशी उदाहरणे प्रत्येक वस्तीत आहेत. रुग्णांसोबत सरकारी रुग्णालयांच्या वाऱ्या करताना आम्हाला एक गोष्ट वारंवार जाणवली. हाड मोडले की घरच्यांचे सारे लक्ष हाडाकडे जाते आणि वरच्या जखमेकडे दुर्लक्ष होते. वास्तविक पाय वाचणार की जाणार, हे पुष्कळदा त्या जखमेवरच ठरते.

उघडे फ्रॅक्चर म्हणजे काय?

हाड मोडले आणि त्या जागची कातडी फाटून जखम थेट हाडापर्यंत पोचली, तर डॉक्टर त्याला ओपन किंवा कंपाउंड फ्रॅक्चर म्हणतात. हाड बाहेर दिसलेच पाहिजे असे नाही. मोडलेल्या जागी बोटाच्या पेराएवढी जखम असून रक्त झिरपत असेल, तरी फ्रॅक्चर उघडे समजावे.

वाहनाची धडक, उंचावरून पडणे, यंत्रात अवयव सापडणे, अंगावर जड वस्तू पडणे ही त्याची मुख्य कारणे. लांब हाडांत नडगीचे हाड सर्वांत जास्त वेळा असे मोडते. कारण पुढच्या बाजूने ते कातडीच्या लगेच खाली असते, मध्ये मांसाची गादी नसते. म्हाताऱ्या माणसांची हाडे ठिसूळ आणि कातडी पातळ झालेली असते. त्यांच्या घोट्याला साध्या पडण्यानेही अशी इजा होऊ शकते.

खरा शत्रू जंतू

१२ ऑगस्ट १८६५ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या रुग्णालयात जेम्स ग्रीनलीज नावाचा ११ वर्षांचा मुलगा आणला गेला. गाडीचे चाक पायावरून जाऊन नडगी मोडली होती, वर जखम होती. त्या काळी अशा जखमा सडून रोगी दगावत, म्हणून पाय कापण्याचाच मार्ग अनेकदा धरला जाई. जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाने पाय कापला नाही. त्याने कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी जखमेवर ठेवली आणि पाय खपच्यांनी बांधला. जखम चिघळली नाही आणि सुमारे ६ आठवड्यांत हाड जुळले. जंतूंना अडवले तर पाय वाचतो, हा धडा वैद्यकशास्त्राने तेव्हापासून गिरवला.

दवाखान्यात पोचेपर्यंत

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. हळद, कॉफीची पूड, चुना, फिनेल काहीही लावू नये. पाय आहे त्या स्थितीत फळीला किंवा जाड पुठ्ठ्याला हलकेच बांधावा. शस्त्रक्रियेला भूल द्यावी लागते, म्हणून खायला-प्यायला देऊ नये. १०८ वर फोन करावा. मोडलेले हाड बसवणाऱ्या जाणत्याकडे जाऊच नये. तिथे आवळून बांधलेल्या पट्टीखाली जंतू वाढतात आणि रक्तही अडते.

शस्त्रक्रिया कशी होते?

रुग्णालयात पोचताच, शक्यतो तासाभरात, जंतुनाशक इंजेक्शन शिरेतून मिळायला हवे, धनुर्वाताचेही हवे. मग शस्त्रक्रियागृहात जखम उघडून माती, कपड्याचे धागे, मेलेले मांस काढतात आणि कित्येक लिटर सलाइनने धुतात. ही सफाई हाच उपचाराचा पाया. जखमेत शेण किंवा गटाराची घाण गेली असेल, अथवा रक्तवाहिनी तुटली असेल, तर ती ताबडतोब करावी लागते. एरवी २४ तासांच्या आत.

गुस्टिलो आणि अँडरसन या डॉक्टरांनी १९७६ मध्ये अशा जखमांच्या तीन पायऱ्या ठरवल्या. त्या आजही वापरात आहेत. पहिल्या पायरीत जखम एक सेंटिमीटरहून लहान व स्वच्छ असते. तिथे हाडाच्या पोकळीत सळई घालून काम भागते. तिसऱ्या पायरीत मांस चिरडलेले असते. तिथे बहुधा आधी कातडीबाहेरून पिना व सळ्यांची चौकट बसवतात. उघडे पडलेले हाड झाकायला प्लास्टिक सर्जन दुसरीकडचे मांस व कातडी आणून लावतात. हाडाचा तुकडाच गेला असेल, तर रशियातील कुर्गानच्या इलिझारोव्ह यांची कड्यांची चौकट लावून दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने हाड वाढवता येते.

म्हणजे दोन-तीन शस्त्रक्रिया होणे ही डॉक्टरांची चूक नव्हे. पायाबाहेरची सळई पाहून घाबरून मध्येच घरी नेणे मात्र महागात पडते. हाडात पू झाला तर तो वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाही, आणि तेवढी वर्षे घरची मजुरी बुडते. बिडी, सिगारेट, तंबाखू या काळात बंदच. त्यामुळे हाड उशिरा जुळते.

हक्क आणि कागद

पोलीस येईपर्यंत जखमीला ताटकळत ठेवता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात दिला आहे. रस्त्यावरील अपघातात पहिल्या ७ दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचाराची केंद्राची योजना २०२५ मध्ये लागू झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. कामावर इजा झाली असेल तर कामगार विम्याचे कार्ड दाखवावे. अपघाताची पोलीस नोंद, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या एका पिशवीत जपाव्या. भरपाई मागताना कागदच बोलतो.

घरात ज्यांना वाचता येत नाही, त्यांना हा लेख वाचून दाखवावा. अपघाताच्या वेळी शेजारी नेमके तेच असू शकतात.