मोटारीविना माथेरान

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातले माथेरान हे सुमारे ८०० मीटर उंचीवरचे एक लांबट पठार आहे. मुंबईहून ते जेमतेम ९० किलोमीटर. सकाळी कर्जत लोकल पकडून नेरळला उतरले की दुपारच्या जेवणाला वर पोचता येते. इतक्या जवळ असूनही इथे मोटार येत नाही. नेरळहून चढणारा घाटरस्ता दस्तुरी नाक्यावर संपतो. तिथे गाडी लावायची, नगरपरिषदेचा प्रवासी कर भरायचा आणि लाल मातीच्या वाटेला लागायचे. रुग्णवाहिकेसारखी निकडीची वाहने सोडली तर मोटारींना पुढे बंदी आहे. माथेरानचे आजचे रूप, तिथली राहण्याची तऱ्हा आणि खर्चाचे गणितही या एका बंदीतून घडले आहे.

१८५० मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढून आले. या रानात धनगर, ठाकर, कातकरी यांचा वावर आधीपासूनच होता. ‘माथ्यावरचे रान’ हे नावही जुनेच. मॅलेटनंतर गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी इथे थंड हवेचे ठिकाण वसवण्याला चालना दिली. इंग्रज अधिकाऱ्यांपाठोपाठ मुंबईच्या धनिकांनी, विशेषतः पारशी मंडळींनी, झाडीत बंगले बांधले.

सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचा पैसा घालून नेरळहून वर रेल्वे आणली. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली १९०४ ला सुरू झालेले काम १९०७ मध्ये पुरे झाले. दोन रुळांतले अंतर अवघे दोन फूट, मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा. नेरळ समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर; तिथून डोंगराच्या अंगाखांद्यावर वळसे घेत गाडी चढते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही वाटेतली स्थानके. वळणावर शेवटच्या डब्यातल्या माणसाला आपलेच इंजिन खिडकीतून समोर दिसते. पावसाने हा मार्ग अनेकदा मोडला. २००५ च्या जुलैतल्या अतिवृष्टीने तो जवळपास दोन वर्षे बंद पाडला. २०१९ च्या पावसात पुन्हा वाहून गेला आणि २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी थांबवतात, अमन लॉज ते माथेरान एवढी फेरी मात्र चालू ठेवतात. दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर आहे. लहान मुले किंवा वयस्कर माणसे सोबत असतील तर ही फेरी फार उपयोगी पडते.

पठाराचा माथा जांभा दगडाचा आणि खाली काळ्या कातळाचे उभे कडे. म्हणून वाटा तांबड्या आणि कडेला पोचले की जमीन एकदम तुटलेली. या तुटलेल्या टोकांनाच इथे ‘पॉइंट’ म्हणतात. असे तीसहून अधिक पॉइंट आहेत आणि ते सगळे एका दिवसात ‘उरकण्या’चा हट्ट व्यर्थ आहे. घोड्यावरून दहा ठिकाणी पाच-पाच मिनिटे थांबण्यापेक्षा दोन ठिकाणी निवांत बसावे. पहाटे उत्तर टोकाचा पॅनोरमा पॉइंट आणि संध्याकाळी पश्चिमेचा पॉर्क्युपाइन पॉइंट एवढे पुरे. संध्याकाळी समोर प्रबळगडाची भिंत काळी पडत जाते आणि दरीतले गावदिवे एकेक करून लागतात. शार्लोट तलाव गावाला पिण्याचे पाणी देणारा आहे, त्यामुळे त्यात उतरण्याचा मोह टाळायलाच हवा. त्याच्या काठी पिसारनाथाचे जुने देऊळ आहे.

वाटांवर भर दुपारीही सावली असते. जांभूळ, हिरडा आणि अंजनी यांची इथे दाटी. अंजनी फुलते तेव्हा निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके पानांत नव्हे, थेट फांदीच्या सालीला चिकटून येतात. मान वर करून चालणाऱ्यालाच ते दिसतात. नशिबात असेल तर शेकरूही दिसते. माकडे मात्र नक्की भेटतात. हातातली पिशवी ती बिनदिक्कत ओढतात, म्हणून खाणे उघडे नेऊ नये.

राहण्यासाठी जुन्या बंगल्यांची झालेली हॉटेले, बाजाराजवळची साधी लॉज आणि घरगुती खोल्या असे सगळे मिळते. बऱ्याच ठिकाणी भाड्यात चहा-नाश्ता आणि दोन्ही जेवणे धरलेली असतात. पाण्याची बाटली किंवा भाजी खालच्यापेक्षा महाग का, याचे उत्तर वाटेवरच मिळते: पाठीवर दोन्ही बाजूंना पोती लादलेले घोडे एकामागे एक चालत येतात. गॅसचे सिलिंडर, तांदूळ, विटा, सारे असेच वर येते. दस्तुरीवरचा हमाल चुंबळ ठेवून दोन बॅगा डोक्यावर आणि एक खांद्याला घेतो आणि रिकाम्या हाताच्या पाहुण्याच्या पुढे निघून जातो. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये.

घाम गाळणाऱ्या याच माणसांपैकी काही जण पिढ्यान्‌पिढ्या हातरिक्षा ओढत आले. माणसाने माणसाला ओढण्याची ही रीत थांबावी, यासाठी त्यांनीच लढा दिला. २००३ मध्ये माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाल्यामुळे कोणतेही नवे वाहन आणायचे तर न्यायालयाची परवानगी लागत होती. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावल्या आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचा आदेश दिला. घोडेवाल्यांना आपल्या रोजगाराची धास्ती वाटते. तीही समजून घेण्याजोगी आहे.

जायला ऑक्टोबर ते मे हा काळ सोयीचा. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुटीत खोल्या आधी ठरवाव्या लागतात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत गेल्यास भाडेही उतरते आणि वाटाही मोकळ्या असतात. पावसाळ्यात बरीच हॉटेले बंद राहतात, कड्यांवर धुके दाटते आणि पॉइंटवर पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही. तरी तेव्हा जाणाऱ्याने चांगली पकड असलेले बूट आणि जुने कपडे घालावेत. ती लाल माती कपड्यांवरून सहसा निघत नाही.