दहावीची अभ्यासाची सुट्टी कोणाच्या सोयीची?

जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा संपली, की पुण्यातील बहुतेक माध्यमिक शाळांमधील एक वर्ग हळूहळू रिकामा होऊ लागतो. उत्तरपत्रिका दाखवल्या जातात, निरोप समारंभ पार पडतो आणि मुले 'अभ्यासाच्या सुट्टीवर' घरी जातात. पालकांना या सुट्टीची इतकी सवय झाली आहे, की ती नेमकी कोण देते, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही.

शिवाजीनगर येथे मुख्यालय असलेले राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ परीक्षेच्या तारखा जाहीर करते. त्या वेळापत्रकात अभ्यासाच्या सुट्टीला स्थान नसते. माध्यमिक शाळा संहितेनुसार वर्षभरात किमान २३० दिवस कामकाज व्हावे आणि सर्व प्रकारच्या सुट्ट्या मिळून ७६ हून अधिक होऊ नयेत, असा दंडक आहे. उन्हाळा, दिवाळी आणि सणवार यांतच हा हिशेब जवळजवळ पुरा होतो. म्हणजे अभ्यासाची सुट्टी हा नियम नसून, शाळा आणि पालक यांच्या मूक संमतीने रूढ झालेला प्रघात आहे.

या प्रघातामागे शाळांची अडचणही आहे. बारावीची परीक्षा दहावीच्या आधी सुरू होते. २०२५ मध्ये ती ११ फेब्रुवारीला सुरू झाली. ज्या शाळांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले आहे, तेथे इमारत परीक्षा केंद्र बनते, वर्गखोल्या अडकतात आणि शिक्षक पर्यवेक्षणात गुंततात. त्यातच परीक्षा अलीकडे आली आहे. दहावीचा पहिला पेपर २०२४ मध्ये १ मार्चला होता, तो २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीला आला. त्याआधी ३ ते २० फेब्रुवारी हा काळ तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांसाठी होता. महिनाभराची म्हणून गणली जाणारी सुट्टी प्रत्यक्षात तुकड्यातुकड्यांनी हाती पडते.

या दिवसांत बहुसंख्य मुले काय करतात? वाचलेले पुन्हा वाचतात. धडा ओळखीचा वाटू लागला, की तो आला असे मन मानते. येथेच फसगत होते. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला दिला, तर काहींना तो न पाहता आठवून लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी पाहिले, तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. पुस्तक मिटून बीजगणिताचे उदाहरण सोडवणे किंवा घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका लिहिणे कष्टाचे वाटते, पण उपयोगी तेच पडते. अर्थात, लिहिलेले तपासणारा कोणी तरी हवा, आणि तो नेमका या आठवड्यांत समोर नसतो. ज्यांचा खासगी क्लास आहे, त्यांना तो तेथे मिळतो. ज्यांचा नाही, त्यांच्या चुका तशाच पक्क्या होतात.

दुसरा प्रश्न जागेचा. अभ्यासाच्या सुट्टीत एक गृहीत दडलेले आहे: मुलाला घरी शांत कोपरा, टेबल आणि दिवा आहे. कोथरूड-औंधच्या अनेक घरांबाबत ते खरे असेल. पर्वती पायथ्याच्या जनता वसाहतीत किंवा ताडीवाला रस्त्यावरील एका खोलीच्या घरात ते खरे ठरत नाही. तेथे त्याच खोलीत स्वयंपाक, दूरचित्रवाणी आणि धाकटी भावंडे असतात. मुलगी असेल, तर 'घरीच आहेस' म्हणून घरकाम तिच्याच वाट्याला येते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० मधील नियमांनुसार शाळेभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. गंमत अशी, की ज्याला शांततेची सर्वाधिक गरज, तो दहावीचा विद्यार्थी ऐन लग्नसराईत त्या क्षेत्राबाहेर पाठवला जातो. सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत अभ्यासिका पुष्कळ आहेत, परंतु त्या मुख्यतः स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी भरलेल्या असतात आणि त्यांचे मासिक शुल्क दहावीच्या मुलाला परवडेलच असे नाही.

म्हणूनच, मुलांना घरी पाठवण्यापूर्वी 'घरी जागा आहे का' एवढे शाळेने विचारले, तरी पुष्कळ साधेल. एखादी खोली सकाळी चार तास उघडी ठेवणे आणि आठवड्यातून दोनदा शंका विचारण्यासाठी एक शिक्षक उपलब्ध असणे, यासाठी नव्या शासन निर्णयाची आवश्यकता नाही. ज्यांना घरी बसणे सोयीचे आहे, त्यांनी खुशाल घरी बसावे.

रात्रशाळेतील विद्यार्थ्यांची गोष्ट तर याहून वेगळी. बाजीराव रस्त्यावरील पूना नाइट हायस्कूलसारख्या शाळांतून दिवसा काम करणारी मुले-माणसे हीच दहावी देतात. सतरा नंबरचा अर्ज भरून बसणाऱ्या खासगी विद्यार्थ्यांना तर वर्गच नसतो. प्रश्नपत्रिका सर्वांना सारखीच आणि सकाळच्या सत्राची वेळही तीच, अकरा. २०२५ मध्ये बीजगणिताचा पेपर ५ मार्चला आणि भूमितीचा ७ मार्चला होता. मधला एक दिवस उजळणीसाठी. दुकानात किंवा कारखान्यात काम करणाऱ्याला तो दिवस मालकाकडे मागून घ्यावा लागतो, आणि तो मिळालाच, तर बहुधा पगार कापून.