एकाच घरातल्या दोन काळ्या पिकअप

१९९१ साली वेगवान पिकअप घ्यायला निघालेल्या अमेरिकन माणसाला जनरल मोटर्सच्या एकाच घरात दोन गाड्या मिळत: शेव्हरोलेची ‘४५४ एसएस’ आणि जीएमसीची ‘सायक्लोन’. दोघींचा मार्ग अगदी वेगळा.

४५४ हा आकडा इंजिनाच्या आकारमानाचा. ४५४ घनइंच म्हणजे ७.४ लिटर, आठ सिलिंडर. एरवी अवजड गाड्यांत ओझी ओढणारं हे इंजिन शेव्हरोलेने १९९० मध्ये आखूड हौद्याच्या सी-१५०० पिकअपमध्ये बसवलं. पहिल्या वर्षी गाडी फक्त काळ्या रंगात मिळे. त्या वर्षी ताकद २३० हॉर्सपॉवर, एवढ्या मोठ्या इंजिनाला कमीच. खरा जोर टॉर्कमध्ये: ३८५ फूट-पौंड, तोही अवघ्या १,६०० आरपीएमला. पाय जरा दाबला की गाडी ओढायला लागे.

पण रिकाम्या पिकअपची अडचण जुनीच. इंजिन आणि केबिनचं वजन पुढे, हौदा मोकळा आणि ताकद जाते मागच्या चाकांना. वर भार नसलेलं चाक रस्ता पकडत नाही, जागच्या जागी फिरतं. इंजिन जेवढं दांडगं, तेवढं टायरचं रबर जळतं.

सायक्लोन बनवणाऱ्यांनी नेमका इथे हात घातला. छोट्या सोनोमा पिकअपमध्ये ४.३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, त्याला मित्सुबिशीचा टर्बो आणि दाबून तापलेली हवा निववायला पाण्याचा इंटरकूलर. ताकद २८० हॉर्सपॉवर, टॉर्क ३५० फूट-पौंड. ती कायम चारही चाकांना जाई, ३५ टक्के पुढे आणि ६५ टक्के मागे. मला यातली खरी हुशारी टर्बोपेक्षा या वाटणीत दिसते.

ही गाडी सोडायची एक रीत होती. डाव्या पायाने ब्रेक घट्ट धरायचा, उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, टर्बोचा दाब चढू द्यायचा आणि मग ब्रेक सोडायचा. ना चाक घसरे, ना धूर निघे. गाडी सरळ पुढे झेपावे. त्याच वर्षी ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने तिला फेरारी ३४८ समोर उभं केलं. पाव मैलाचं अंतर सायक्लोनने १४.१ सेकंदांत कापलं, फेरारीने १४.५. एक सुमारे २६ हजार डॉलरची, दुसरी सव्वा लाखाच्या घरातली. शर्यत संपताना फेरारीचाच वेग जास्त होता, हेही सांगायला हवं. रस्ता आणखी लांब असता तर ती पुढे गेली असती. सायक्लोन जिंकली ती सुरुवातीच्या काही मीटरांत.

या वेगाची किंमत हौद्याने मोजली. सायक्लोनमध्ये ५०० पौंडांहून, म्हणजे सव्वादोनशे किलोंहून जास्त माल भरू नये, अशी कंपनीचीच ताकीद होती. सिमेंटच्या पाच गोण्याही जास्त झाल्या. ४५४ मात्र शेवटपर्यंत पिकअपच राहिली.

सायक्लोन तीन हजारांच्या आतच बनल्या, जवळपास सगळ्या १९९१ मध्ये. ४५४ चार वर्षं चालली आणि सोळा हजारांवर गेली. १९९३ मध्ये फोर्डने ‘लायटनिंग’ आणली तीसुद्धा ४५४ च्याच वाटेने: आठ सिलिंडर, ताकद मागच्या चाकांना. खपाच्या हिशेबाने फोर्डचं बरोबर असेल. पण अभियांत्रिकीत माझं मत सायक्लोनला. अडचण मुळाशी जाऊन सोडवली ती तिनेच.