एसीई-२ ची ॲन्टिबॉडी आणि गुरुजींची बंद गोळी

आमचे एक जुने पेशंट, निवृत्त मुख्याध्यापक, गेल्या महिन्यात दवाखान्यात आले. खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाले, "डॉक्टर, ही एसीई-२ शोधणारी ॲन्टिबॉडी आपल्या लॅबमध्ये मिळते का? माझ्या अंगात कोरोनाची दारं किती आहेत ते एकदा मोजून टाकू." मी आधी त्यांचा रक्तदाब मोजला. १८० वर ११०! टेल्मिसार्टनची गोळी त्यांनी तीन आठवडे बंद ठेवली होती. या गोळीने ती दारे वाढतात, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते.

एसीई-२ हे आपल्या पेशींच्या पृष्ठभागावरचे एक एन्झाइम. त्याचा शोध २००० साली लागला. अँजिओटेन्सिन-२ नावाचा पदार्थ रक्तवाहिन्या आकसवतो आणि रक्तदाब वाढवतो. तो म्हणजे आठ मण्यांची माळ समजा. एसीई-२ त्यातला एक मणी तोडते. उरलेला सात मण्यांचा तुकडा रक्तवाहिन्या सैल करतो. म्हणजे एन्झाइम आपल्या उपयोगाचेच. पण दाराची कडी घरच्यांसाठी असली तरी चोरही तिलाच हात घालतो. सार्सचा विषाणू याच एन्झाइमला धरून पेशीत शिरतो हे २००३ साली कळले, आणि २०२० साली कोरोनाच्या नव्या विषाणूचेही तेच निघाले.

आता ॲन्टिबॉडी. कोरोनाच्या साथीत अनेकांनी रक्ताची ॲन्टिबॉडी टेस्ट करून घेतली, ती आपल्याच शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली. गुरुजींच्या कागदावरची वेगळी. ते प्रयोगशाळेचे हत्यार आहे. मानवी एसीई-२ चा तुकडा सशाला किंवा शेळीला टोचतात. तिचे शरीर त्याला परके समजून ॲन्टिबॉडी बनवते, आणि ती रक्तातून वेगळी काढतात. एकाच पेशीच्या वंशातून अगदी एकसारखी ॲन्टिबॉडी काढण्याची युक्ती कोलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ साली शोधली. त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले. मेडिकलमध्ये मिळणारी गर्भधारणा तपासायची पट्टी याच युक्तीवर चालते.

अवयवाचा अगदी पातळ काप काचपट्टीवर ठेवतात, त्यावर ॲन्टिबॉडी घालून धुतात. जिथे ती चिकटून राहिली तिथे पुढच्या रसायनांनी तपकिरी रंग उमटतो. ऐकायला सोपे, पण ॲन्टिबॉडी कधी कधी भलत्याच प्रथिनाला चिकटते. म्हणून एसीई-२ नसलेल्या पेशी कोऱ्या राहतात ना, आणि ते भरपूर असलेले लहान आतडे रंगते ना, हे आधी पाहावे लागते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या संशोधकांना २००४ साली फुप्फुसाच्या वायुकोशांत आणि लहान आतड्यात एसीई-२ भरपूर दिसले. २०२० साली स्वीडनच्या संशोधकांनी दोन निरनिराळ्या ॲन्टिबॉडी वापरल्या. आतडे आणि मूत्रपिंड चांगले रंगले, फुप्फुसात मात्र जेमतेम काही दिसले. एका बाटलीच्या भरवशावर निष्कर्ष काढू नये तो असा.

गुरुजींना मी विचारले, "ही तपासणी करायची तर फुप्फुसाचा तुकडा काढावा लागेल. काढू?" ते हसले. आणि काढला तरी त्या रंगावरून कोणाला कोरोना होईल हे सांगता येत नाही, औषधही ठरत नाही.

राहिली गोळी. एनालाप्रिल, रामिप्रिल ही औषधे एसीई या दुसऱ्या एन्झाइमला अडवतात, एसीई-२ ला नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन ही अँजिओटेन्सिन-२ ला त्याच्या जागी बसू देत नाहीत. उंदरांवरच्या काही प्रयोगांत अशा औषधांनी एसीई-२ वाढलेले दिसले होते, त्यावरून मार्च २०२० मध्ये घबराट पसरली. त्याच महिन्यात युरोप-अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी गोळ्या बंद करू नका असे कळवले. पुढे ब्राझीलमध्ये कोरोनाने दवाखान्यात दाखल झालेल्या ६५९ रुग्णांपैकी काहींच्या या गोळ्या तीस दिवस थांबवल्या, बाकीच्यांच्या चालू ठेवल्या. जानेवारी २०२१ मध्ये निकाल छापून आला: थांबवून काही फायदा झाला नाही.

उलट बेलगाम रक्तदाबाने मेंदूत रक्तस्राव झालेले पेशंट मी स्वतः जिल्ह्याच्या गावी पाठवले आहेत. गुरुजींची गोळी त्याच दिवशी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितले. पंधरा दिवसांनी रक्तदाब १४२ वर ८८ भरला. ज्यांनी कोणाच्या सांगण्यावरून अशी गोळी परस्पर सोडली असेल, त्यांनी या आठवड्यात आपल्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा.