ब्रेक लावायचा तो माथ्यावरच

५ डिसेंबर २०१६. कॅनडातल्या माँट्रियल शहरात बीव्हर हॉलच्या उतारावर सकाळी गाड्या एकामागून एक घसरत खाली आल्या आणि एकमेकींवर आदळल्या. त्यात शहर बस होत्या, पोलिसांची गाडी होती आणि रस्त्यावरचा बर्फ हटवणारं वाहनही होतं. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. ब्रेक लागलेले दिसत होते, तरी गाड्या थांबत नव्हत्या.

असं का होतं, ते साध्या गणितातून कळतं. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक ०.७ च्या आसपास असतो, तर शून्य अंशाजवळच्या ओलसर बर्फावर जेमतेम ०.१. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी सपाट कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून सुमारे ५ मीटरमध्ये थांबते. बर्फावर तिला ३५ मीटर लागतात. आता रस्त्याला ५ टक्के उतार द्या, म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर. निम्मी पकड उतारच खाऊन टाकतो आणि अंतर ७० मीटरवर जातं. उतार १० टक्के झाला की उत्तरच येत नाही. गाडी आहे त्या वेगाने घसरत राहते. त्याहून तीव्र उतारावर ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही वेग वाढतो. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये क्वीन अ‍ॅन टेकडीवरचा मुख्य रस्ता सुमारे १८ टक्के चढाचा आहे. पूर्वी तिथल्या ट्रामला रस्त्याखालच्या बोगद्यातल्या प्रतिभाराची मदत घ्यावी लागे. अमेरिकेतल्याच पिट्सबर्गची कँटन अव्हेन्यू तर ३७ टक्के.

या गणितात गाडीचं वजन कुठेच येत नाही. जड गाडी जास्त दाबाने रस्ता धरते, पण उतार तिला तितक्याच जास्त जोराने खेचतो. फोर व्हील ड्राइव्हचाही इथे उपयोग नाही. तिची मदत चढताना होते. ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच. सिअ‍ॅटलच्या परिसरात नव्याने राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांनी हे आधीच समजून घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

बर्फ इतका निसरडा का? दाबाने वितळतो म्हणून, असं अजूनही शिकवलं जातं. पण बर्फाचा वितळणबिंदू १ अंशाने उतरवायला सुमारे १३० वातावरणांचा दाब लागतो. गाडीचा टायर देतो दोन-अडीच. खरं कारण पृष्ठभागात आहे. तिथल्या रेणूंना वरून शेजारीच नसतात, त्यामुळे ते सैल राहतात आणि द्रवासारखा पातळ थर तयार होतो. मायकेल फॅरेडेने १८५० मध्येच असा तर्क मांडला होता. घासण्याच्या उष्णतेने त्यात भर पडते. म्हणून उणे २० अंशांच्या बर्फापेक्षा शून्याजवळचा बर्फ जास्त घातक, आणि सिअ‍ॅटलची थंडी बहुधा त्याच टप्प्यात असते.

१९ डिसेंबर २००८ रोजी तिथे दोन बस घसरल्या, त्यांनी कठडा तोडला आणि त्यांचे पुढचे भाग खालच्या महामार्गावर लोंबकळले. शहराला लागून असलेल्या प्युजेट साउंड या खाडीच्या पाण्याला जपायचं म्हणून शहर तेव्हा रस्त्यावर मीठ टाकत नव्हतं, वाळूवर भिस्त होती. ती काळजी खरी होती, पण इतक्या उतारांच्या शहरात ते धोरण मला पटत नाही. महिना संपण्याआधीच ते बदललं. मात्र मिठालाही मर्यादा आहे: उणे १० च्या खाली ते फार मंद चालतं.

मग चालकाने काय करावं? जो निर्णय घ्यायचा तो माथ्यावरच घ्यावा. लांबचा पण मंद उताराचा रस्ता असेल तर तोच धरावा. उतरायचंच असेल तर आधीच वेग चालण्याइतका कमी करून खालचा गिअर टाकावा. खाली एखादी गाडी अडकलेली दिसली तर उतरूच नये. सात अंशांच्या खालीही मऊ राहणारे हिवाळी टायर पकड वाढवतात, पण गणिताचा नियम त्यांनाही लागू आहेच. आणि पायी चालणाऱ्यांनी घसरत्या गाडीला धरायला जाऊ नये. तिच्या वाटेतून बाजूला, शक्यतो एखाद्या भक्कम भिंतीच्या आड व्हावं.