दहा वर्षांची मुदत

या जानेवारीत डायना हेडनच्या त्या बातमीला दहा वर्षं झाली. १९९७ ची मिस वर्ल्ड, वय बेचाळीस, आठ वर्षांपूर्वी गोठवून ठेवलेल्या स्त्रीबीजातून मुलगी झाली, मुंबईत. मी तेव्हा एका दैनिकाच्या महिला पुरवणीत होते. बातमी फुटली आणि अख्खं पान माझ्या अंगावर आलं. मथळा वरूनच ठरून आला होता : ‘आता घाई कशाला?’ मजकुरात मी एक परिच्छेद घातला होता. बीजं गोठवली म्हणजे मूल झालं असं नव्हे, गोठवताना वय किती होतं यावर बरंच काही ठरतं, अशा अर्थाचा. पान लागलं तेव्हा तो जागेअभावी उडाला होता. जागा तळाच्या जाहिरातीला लागली होती आणि जाहिरात एका वंध्यत्व उपचार केंद्राची होती. त्या पानाचा राग मी अजून सोडलेला नाही, तेव्हा पुढचं सगळं त्या रागासकट वाचावं.

त्याआधीचा इतिहास डॉक्टर मंडळी रंगवून सांगतात, मी भराभर उरकते. १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी गोठवलेल्या भ्रूणातून ‘दुर्गा’ला जन्माला आणलं, सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९८६ च्या ऑगस्टमध्ये आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या ख्रिस्तोफर चेन यांनी गोठवलेल्या बीजातून गर्भ राहिल्याचं जाहीर केलं. मग बरीच वर्षं चाचपडण्यात गेली. बीज ही शरीरातली सगळ्यांत मोठी पेशी, आत पाणीच पाणी. हळूहळू गोठवलं की बर्फाचे स्फटिक तिला आतून फाडायचे. जपानच्या मासाशिगे कुवायामांसारख्यांनी क्षणात गोठवण्याची पद्धत बसवली. पाण्याला स्फटिक व्हायला उसंतच द्यायची नाही, त्याची काच करायची आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवायचं. गाडी तिथून सुटली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनने या तंत्रावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. त्याच कागदात असंही लिहिलं होतं की निव्वळ वय वाढतंय म्हणून बाळंतपण पुढे ढकलायला हे वापरा, असं सांगण्याइतका पुरावा हाताशी नाही. पुढच्या दहा वर्षांत पहिलं वाक्य जगभर फिरलं. दुसरं मी कोणत्याही माहितीपत्रकात पाहिलं नाही.

कॅन्सरच्या उपचारांआधी बीजं ठेवणाऱ्या मुलींबद्दल मी बोलत नाहीये. त्यांच्यासाठी ही विद्या खरोखर देवासारखी धावून आली. मी बोलतेय ती आमच्याबद्दल : धडधाकट, नोकरीतल्या, तिशी ओलांडलेल्या. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये फेसबुक आणि ॲपल कर्मचारी स्त्रियांना बीजं गोठवायला वीस हजार डॉलरपर्यंत देणार, अशी बातमी आली तेव्हा हिंजवडीतल्या माझ्या मैत्रिणी हरखल्या. मला तेव्हाच खटकलं होतं. कंपनी म्हणत होती, मूल आत्ता नको, नंतर बघ, खर्च आमचा. नंतर म्हणजे कधी आणि तेव्हा संध्याकाळी सहाच्या मीटिंगचं काय, यावर अवाक्षर नव्हतं. इकडच्या कंपन्यांनी त्यातलं ‘नंतर’ तेवढं उचललं, खर्च आमच्यावर सोडला.

तरीही मी बीजं गोठवायला गेले. पस्तिशी आली होती, स्थळं येत होती आणि एकही पटत नव्हतं. केंद्रातल्या अर्जावर ‘पतीचे नाव’ हा रकाना होता. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “मिस्टर आलेत का?” म्हटलं, मिस्टर नाहीत. “मग सोबत कोण?” मावशी. तिने रकान्यात आडवी रेघ मारली आणि मावशीकडे असं पाहिलं की खरी पेशंट तीच असावी. मावशी डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं नीट ऐकत बसली आणि रिक्षात म्हणाली, “म्हणजे सुगडं आणून ठेवायची, संक्रांत कधी ते मागाहून बघू. असंच ना गं?” बाईंनी अर्धा तास समजावलं त्यापेक्षा हे नेमकं होतं.

इंजेक्शनची पेनं फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खणात बरोबर मावत. रोज संध्याकाळी पोटाची कातडी चिमटीत धरून टोचायचं, एक दिवसाआड सोनोग्राफी, पोट असं तट्ट फुगलेलं की सलवारीची नाडी सैल करून बसावं लागे. शेवटचं इंजेक्शन घड्याळाच्या काट्यावर घ्यावं लागतं, कारण त्यानंतर साधारण ३६ तासांनी भूल देऊन बीजं काढतात. वेळ चुकली तर आधीचं सगळं वाया. माझी वेळ नेमकी मामेबहिणीच्या साखरपुड्यात आली. ठाण्यातल्या एका हॉलमध्ये, ‘वधूपक्ष’ अशी पाटी असलेल्या खोलीत, दाराला आतून कडी लावून मी ते घेतलं. बाहेर एक काकू दार वाजवत होत्या, त्यांना आहेराच्या पिशव्या हव्या होत्या.

आमच्यावर टीका करणाऱ्यांचं ठरलेलं पालुपद होतं : मुलींना करिअर हवं, मूल नको. येल विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ मार्शिया इनहॉर्न यांनी दीडशे अमेरिकन स्त्रियांशी बोलून २०२३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलं की बहुतेकींचं कारण करिअर नव्हतंच, मनाजोगता जोडीदार मिळत नव्हता. दीडशे कशाला, दादरच्या कुठल्याही वधू-वर मेळाव्यात एक रविवार घालवला असता तरी भागलं असतं. मुलगा इंजिनीअर, समंजस, जगभर फिरलेला आणि लग्नानंतर मी मुंबईतच नोकरी करणार म्हटल्यावर “आईशी बोलून सांगतो” म्हणणारा. अशा सगळ्यांच्या बिनधास्तपणाचं बिल आम्ही भरलं. दीड-दोन लाख रुपये, वर साठवणुकीचं वार्षिक भाडं. त्यांना कुणी पतीचा रकाना दाखवला नाही, पुरुषाचं वय वाढतं तसा शुक्राणूंचा दर्जाही उतरतो हे कुणी कानात सांगितलं नाही.

या दहा वर्षांतला सगळ्यांत चीड आणणारा प्रकार म्हणजे महिला दिनाची मोफत तपासणी शिबिरं. ए.एम.एच. नावाच्या हार्मोनची रक्तचाचणी करायची, आकडा कमी आला की मुलीला खुर्चीत बसवून घाबरवायचं. हा आकडा इंजेक्शनांना बीजकोश किती साथ देतील ते सांगतो. तुला निसर्गतः दिवस राहतील की नाही हे सांगत नाही. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, तिशी ते चव्वेचाळिशीतल्या साडेसातशे स्त्रियांचा अभ्यास ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात कमी आकडेवाल्यांना दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी निघाली नाही. पुढच्या मार्चमध्ये आमच्या उपनगरात तेच शिबिर, तेच गुलाबी फुगे. नव्याने रुजू झालेली माझी एक सहकारी, वय सव्वीस, तिथून रडत परत आली होती.

त्याच २०१८ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि क्लीव्हलँड इथल्या दोन केंद्रांतल्या टाक्या एकाच शनिवार-रविवारी बिघडल्या आणि हजारो बीजं-भ्रूण धोक्यात आले. आमच्या पुरवणीत चार ओळी. २०२२ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लँगोन केंद्राने पंधरा वर्षांचा हिशेब मांडला : परत येऊन बीजं वापरणाऱ्या ५४३ जणींपैकी ३९ टक्के जणींना मूल झालं. अडतिशीच्या आत गोठवून वीस किंवा जास्त बीजं वितळवता आलेल्यांत हे प्रमाण ७० टक्क्यांवर होतं. आकडे वाईट नाहीत, पण ‘घाई कशाला’ म्हणण्याजोगेही नाहीत. माझा उडालेला परिच्छेद याहून वेगळं काही सांगत नव्हता.

आणि मग कायदा. २५ जानेवारी २०२२ पासून सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा लागू झाला. परवाने, नोंदणी, सगळं हवंच होतं, नाहीतर गल्लोगल्ली दुकानं निघाली होती. पण दात्यांची बीजं आणि भ्रूण यांच्या साठवणुकीला मुदत घातली दहा वर्षं आणि केंद्राच्या कागदावर आमच्या स्वतःच्या बीजांसाठीही तोच आकडा छापून आला. बीजं विशीत गोठवावीत हे शरीरशास्त्र. विशीतल्या मुलीने पंचविसाव्या वर्षी गोठवली तर पस्तिशीला मुदत संपली. पस्तिशी म्हणजे अनेकींना ती बीजं लागायला सुरुवात होते ते वय. म्हणजे हा आकडा सांगतोय, उशिरा गोठव, दर्जा उतरल्यावर. ब्रिटनमध्येही हीच दहा वर्षांची अट होती. तिथल्या बायकांनी आरडाओरडा केला आणि जुलै २०२२ मध्ये ती पंचावन्न वर्षांपर्यंत गेली. आपल्याकडे आरडाओरडा कोण करणार? आमच्यातल्या बहुतेकींनी हे घरी सांगितलेलंसुद्धा नाही. माझ्या केंद्राचं मुदतीचं पत्र गेल्या दिवाळीत आलं, सोबत वाढीव भाड्याचा तक्ता.

त्याच २५ जानेवारी २०२२ ला लागू झालेला सरोगसी कायदा त्याहून पुढचा. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला, ३५ ते ४५ या वयात, दुसरीच्या उदराचा आधार घेता येतो. अविवाहितेला नाही. २०१९ मध्ये एकता कपूरला सरोगसीतून मुलगा झाला तेव्हा पुरवण्यांनी तिचा फोटो छापून आम्हाला ‘बघा, सगळं शक्य आहे’ म्हणून दाखवलं होतं. तीन वर्षांत ती वाट बंद झाली, तेव्हा कुणी फोटो छापला नाही.

या सगळ्यात एक मागणी कुठे विरून गेली, ती म्हणजे पाळणाघराची. आईचा भार वाटून घ्यायचा विचार तसा जुनाच : १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी आईच्या विश्रांतीचा भार मुख्यत्वे सरकारने आणि मालकानेही उचलावा, असं मांडलं. १९२९ चा मुंबईचा कायदा त्यातून आला, देशातला पहिला. माझ्या लहानपणी डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पाध्येकाकूंचं पाळणाघर होतं. आई सात वाजून काही मिनिटांची लोकल पकडायची आणि मी काकूंकडे मऊभात खाऊन झोपायचे. पुनर्विकासात ती जागा पार्किंगला गेली, तशा काकू आता मिळतही नाहीत. २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं झालं. पण सरकारने खर्चातली दमडी उचलली नाही. सगळा बोजा मालकावर पडल्यावर मालकांनी मुलाखतीत मुलींना लग्नाबद्दल खोदून विचारायला सुरुवात केली. भार वाटून घ्यायचा होता, तो फिरून आमच्या फ्रिजच्या दारात येऊन बसला.

गेल्या नोव्हेंबरात उद्योजिका उपासना कोनिडेला यांनी आयआयटी हैदराबादच्या मुलींना बीजं साठवणं हाच सर्वांत मोठा विमा असल्याचं सांगितलं, उद्योजक श्रीधर वेंबूंनी तरुणांना विशीत लग्न करून मुलं होऊ देण्याचा सल्ला दिला आणि देश दोन तट पाडून भांडला. कोट्यवधींच्या दोन मालकांच्या या भांडणात नोकरदार बाईचं मूल दिवसभर कुठे राहणार, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. त्याच महिन्याच्या २१ तारखेला चार कामगार संहिता लागू झाल्या, पाळणाघराची तरतूद त्यांतही आहे. एका मैत्रिणीच्या ऑफिसात ते पाळणाघर मी मुद्दाम बघायला गेले. भिंतीवर जिराफ रंगवलेला, खाली प्रिंटरची रिकामी खोकी, चावी ॲडमिनकडे. ॲडमिनच्या गृहस्थांना विचारलं, मुलं किती येतात? ते म्हणाले, “मॅडम, मागणीच नाही.”