डिकी नसलेली गाडी

एक कोरा कागद घ्या आणि पटकन एक मोटार काढा बरं! काय काढलंत? मी न बघता सांगतो. मधे एक उंच खोका, त्याला खिडक्या. पुढे एक बुटका खोका, त्यात इंजिन. मागे आणखी एक बुटका खोका, ती डिकी. खाली दोन चाकं. बरोबर?

आता खोडरबर घ्या. मागच्या डिकीची वरची रेघ पुसून टाका. छप्पर सरळ मागेपर्यंत ओढत न्या आणि शेवटी जवळजवळ उभी रेघ मारून खाली आणा. बाजूला एक लांब काच काढा. झाली एस्टेट गाडी तयार! म्हणजे माणसांची खोली आणि सामानाची खोली यांच्यामधली भिंतच पाडून टाकायची. वाड्यात दोन खोल्यांची एक केली की कशी ऐसपैस होते, तशीच ही गाडी.

इंग्रज तिला एस्टेट म्हणतात. अमेरिकेत ती स्टेशन वॅगन, कारण पूर्वी रेल्वे स्टेशनवर उतरलेले पाहुणे आणि त्यांच्या ट्रंका घरी आणायला अशा गाड्या वापरत. जर्मनीत ती कोम्बी आणि फ्रान्समध्ये चक्क ब्रेक! थांबवायच्या ब्रेकशी त्याचा काही संबंध नाही बरं का.

आणि आपल्या पुण्यात? पुण्याशेजारी पिंपरीत अशी गाडी चक्क बनत होती. तुम्ही तेव्हा जन्मालाही आला नव्हता, पण तुमचे आईबाबा कदाचित तुमच्याएवढे असतील. टेल्को हा ट्रक बनवणारा कारखाना. (२००३ मध्ये टेल्कोचं नाव टाटा मोटर्स झालं.) या ट्रकवाल्यांनी १९८८ मध्ये टाटामोबाइल नावाची छोटी मालवाहू पिकअप काढली. त्याच पायावर १९९१ मध्ये सिएरा आली आणि १९९२ मध्ये टाटा एस्टेट. तिची ठेवण पाहून लोकांना मर्सिडीजच्या एस्टेट गाडीची आठवण यायची.

तेव्हाच्या पुण्यात गाड्या म्हणजे मारुती ८००, फियाट आणि अँबॅसिडर. बाकी सगळ्या स्कूटरी आणि सायकली. त्यात ही लांबलचक गाडी, बटण दाबलं की खाली जाणाऱ्या काचा, आणि इंजिन मिनिटाला किती फेरे मारतंय ते दाखवणारी वेगळी तबकडी! सोसायटीत एखाद्याकडे ही गाडी आली, की पोरं काच खालीवर करायला रांग लावत असतील यात शंका नाही.

चला, अशी गाडी १९९३ सालात चार दिवस तुमच्या घरी आली आहे असं समजू या. मे महिना आहे आणि रत्नागिरीला आजोळी जायचंय.

पहिला प्रश्न ती ठेवायची कुठे. मारुती ८०० ची लांबी साधारण ३.३ मीटर. ती कुठल्याही बोळात वळते. एस्टेट म्हणजे तिच्यापुढे आगगाडीच. सदाशिव पेठेतल्या गल्लीत ती शिरेल, पण वळवायची झाली तर बाबांना चारदा पुढे-मागे करावं लागणार आणि प्रत्येक गॅलरीतून एकेक सल्ला मिळणार. आजही पुण्यातल्या कित्येक रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ अशा पाट्या आहेत. एक दिवस या बाजूला गाडी लावा, दुसऱ्या दिवशी त्या बाजूला. लांब गाडीवाल्याला तेवढी जागा शोधत दोन चकरा जास्त माराव्या लागतात, हे तुमचे बाबाही सांगतील.

सामान भरणं मात्र मजेचं! मागचं दार उचललं की ते डोक्यावर छपरासारखं उभं राहतं. समोर सपाट जमीन. डिकीत ठेवताना सुटकेस आडवी करा, पिशवी दाबा, झाकण लागत नाही म्हणून आईची कुरकुर ऐका, असं काही नाही. पेटी, तबला, क्रिकेटचं किट, पाण्याचा कॅन, सगळं आत. मागचं बाक दुमडलं तर छोटं कपाटसुद्धा जाईल. अर्थात मग तुम्ही बसणार कुठे, हा प्रश्न उरतो.

पहाटे निघायचं. ते इंजिन डिझेलचं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. हवा इतकी दाबायची की ती तापते आणि त्यात डिझेल उडवलं की ते आपोआप पेटतं. सायकलच्या चाकात जोरात हवा भरली की पंप गरम लागतो ना, तशातलाच प्रकार. त्या काळच्या डिझेल गाड्यांना थंडीत आधी हीटर लावावा लागे. डिसेंबरातल्या पुण्याच्या पहाटे किल्ली अर्धी फिरवून काही सेकंद गप्प बसायचं आणि मग स्टार्टर मारायचा. मेमध्ये ती कटकट नाही. मग सुरू होतो तो खडखडाट! गल्लीतला एकही माणूस झोपलेला राहत नाही.

कात्रजचा जुना बोगदा, खंबाटकी घाट, सातारा, कराड, मग पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. जाताना काही वाटत नाही. परत येताना बघा. एस्टेटचं इंजिन १९४८ सीसीचं, ताकद सत्तर अश्वशक्तीच्याही आत. गाडी दणकट, म्हणजे जडही. आत पाच माणसं आणि मागे आंब्याच्या पेट्या. कुंभार्लीच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढणार, आणि तुम्हाला बाहेरचं जंगल अगदी सावकाश बघायला मिळणार!

इथेच भिंत पाडल्याचा एक परिणाम कळतो. डिकीच्या गाडीत आजीने दिलेलं सुकट डिकीत जातं आणि पुण्यापर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. एस्टेटमध्ये सुकट तुमच्याच खोलीत असतं. हापूसचा वास येत असताना सगळे खूश, पण त्यात सुकटीचा वास मिसळला की काचा खाली. चाकांचा आवाज, खड्ड्यातली धडधड, तीही तशीच पुढे येते.

पाऊस लागला तर आणखी एक गंमत दिसते. डिकीच्या गाडीला मागच्या काचेवर सहसा वायपर नसतो, एस्टेटला असतो. का बरं? डिकीच्या गाडीवरून वाहणारी हवा उतरत्या काचेवरून घसरत मागे निघून जाते. एस्टेटची पाठ उभी. हवा छपराच्या टोकाला येते आणि खाली वळण्याऐवजी तिथे भोवरे करते. चाकांनी उडवलेला चिखल हे भोवरे ओढून घेतात आणि थेट काचेवर फेकतात. म्हणून पुढून स्वच्छ गाडी पाठीमागून चिखलाने माखलेली असते. रस्त्यावरच्या उभ्या पाठीच्या गाड्या पावसात बघा, लगेच पटेल.

आणि एक काम खास तुमच्यासाठी. मागे वजन भरलं की शेपूट खाली जाते आणि नाक वर होतं. नाकाबरोबर दिवेही वर होतात आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत दिव्यांच्या बटणाजवळ ० ते ३ असे आकडे असलेलं एक छोटं चाक असतं. ते फिरवून दिवे खाली करता येतात. कितीतरी मोठ्या माणसांना ते कशासाठी आहे हेच माहीत नसतं. पुढच्या प्रवासाआधी बाबांना विचारून पाहा!

आता मुद्द्याची गोष्ट. एस्टेट गाडीत मुलांना सगळ्यात आवडणारी जागा कुठली? पुढची? छे! सगळ्यात मागची, सामानाची. तिथे गादी टाकायची, पाय पसरायचे, मागे पळणारा रस्ता बघायचा आणि मागच्या ट्रकवाल्याला हात करायचा. त्या काळात अशी बसलेली मुलं पुष्कळ दिसत. मोठी माणसंही म्हणत, बसू दे, तेवढीच शांतता!

ती जागा सगळ्यात मजेची आहे आणि सगळ्यात धोक्याचीही आहे. पीएमपीच्या बसने करकचून ब्रेक मारला की उभी असलेली माणसं पुढे जातात. ब्रेक बसला थांबवतो, माणसाला नाही. तसंच मागे ठेवलेल्या आंब्याच्या पेटीचं. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाऊन कशावर तरी आपटली, तर गाडी थांबते आणि पेटी त्याच ५० च्या वेगाने पुढे येते. ५० चा वेग म्हणजे किती? एखादी वस्तू सुमारे १० मीटर उंचीवरून पडली की जमिनीला टेकताना तिचा वेग तेवढा होतो. म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून टाकलेली पेटी! वेग दुप्पट, १०० केला, तर उंची दुप्पट होत नाही, चौपट होते. साधारण ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजले. आता त्या पेटीच्या जागी गादीवर बसलेलं मूल आहे असं समजा.

डिकीच्या गाडीत मधे पत्रा आणि बाकाची पाठ असते. एस्टेटमध्ये बाकाच्या वर सगळं मोकळं. म्हणून जड सामान खाली आणि बाकाला अगदी चिकटवून ठेवायचं, पाठीच्या उंचीच्या वर काही रचायचं नाही, आणि जाळी किंवा दोरीने बांधायचं. मुलांना तिथे बसवायचंच असेल तर त्यासाठी खरी सीट लागते. मर्सिडीजच्या एस्टेटमध्ये मागच्या जमिनीतून उघडणारी, मागे तोंड केलेली दोन मुलांची छोटी सीट मिळत असे, पट्ट्यांसकट. आपल्याकडे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाला. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या खास सीटशिवाय बसवलं तर १,००० रुपये दंड आहे. पट्टा लावायला कंटाळा करणारे तुम्ही असाल, तर दंड आईबाबांना होतो, हे लक्षात असू द्या.

तुम्ही म्हणाल, सामान, सुकट, दोरी... या गाडीत रुबाब कुठे आहे? अहो, एस्टेट शर्यतीतही उतरली आहे! १९९४ मध्ये ब्रिटनच्या टूरिंग कार शर्यतींत व्होल्व्होने ८५० एस्टेटच्या दोन गाड्या आणल्या. रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स हे त्यांचे चालक. एका शर्यतीआधीच्या फेरीत तर मागच्या काचेतून भलामोठा खेळण्यातला कुत्रा बाहेर बघत बसला होता! वर्षभरात एकही शर्यत जिंकली नाही, पण त्या गाड्यांची आठवण लोक आजही काढतात. त्याच वर्षी ऑडीने पोर्शच्या मदतीने आरएस२ नावाची ३१५ अश्वशक्तीची एस्टेट काढली. तिची नात शोभावी अशी आरएस६ अव्हांट २०१५ मध्ये भारतातही विकायला आली. अश्वशक्ती ५६०, किंमत एक कोटीच्या वर. आपल्या गल्लीतल्या गतिरोधकावर तिचं पोट घासेल की नाही, याची काळजी मात्र तिच्या मालकालाच.

मग इतकी सोयीची गाडी पुण्यात जिकडेतिकडे का दिसत नाही? १९९४ मध्ये त्याच टेल्कोने टाटा सुमो काढली. सुमंत मुळगावकर यांनी पुण्याचा कारखाना उभा करण्यात मोठा वाटा उचलला होता. त्यांच्या नावातला सु आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला मो घेऊन ते नाव ठेवलेलं. इंजिन एस्टेटचंच. पण एस्टेटमध्ये जिथे सामान जायचं तिथे सुमोत समोरासमोर बाकं होती. आजी, आजोबा, काका, आत्या आणि सगळी भावंडं एकाच गाडीत! आपल्याकडे सामानाचं काय, ते टपावर बांधता येतं. माणसांना जागा हवी. सुमो गावोगाव पोचली आणि एस्टेट २००० च्या सुमारास बंद झाली. शिवाय लांब, पांढरी, मागून उघडणारी गाडी दिसली की कित्येकांना ती रुग्णवाहिका वाटायची, असं आपलं माझं मत. २००४ मध्ये टाटांनी इंडिगो मरीना काढून पुन्हा एक प्रयत्न केला, तोही फार चालला नाही. सिएराचं नाव २०२५ मध्ये नव्या गाडीला मिळालं. एस्टेटचं नाव मात्र कुणी परत काढलेलं नाही.

आता तो मघाचा कागद आईबाबांना दाखवा आणि विचारा, लहानपणी गाडीत सगळ्यात मागे, सामानात बसून कधी प्रवास केला होता का? ते हसले, तर समजा केला होता. कुठे जाताना, आणि मागच्या काचेतून काय दिसलं होतं, तेही विचारून घ्या.